बंबवाले आणि काचेची जमीन

(दृश्य : बडोदे. मध्यवर्ती ग्रंथालयातलं पुस्तकांचं कोठार. कॅमेरा खालून वर.)

वर बघा. कुणीतरी चालतंय. माणूस दिसत नाही, नुसत्या पावलांच्या सावल्या सरकतात. मांडवीजवळच्या या ग्रंथालयात पुस्तकांचे मजले एकावर एक रचलेत आणि मधली जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड झिरपत अगदी खालच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून. कपाटं लोखंडाची. जळण्यासारखं इथे काही असेल, तर ती पुस्तकंच.

(दृश्य : दांडिया बाजार, रात्र. गच्चीवर ताणलेली चादर. बघणाऱ्यांचे चेहरे.)

याच गावात, दांडिया बाजारातल्या एका गच्चीवर, पंधरा-वीस जण जुना थरारपट बघायला बसलेत. फ्रान्स्वा त्रुफोचा ‘फॅरनहाइट ४५१’, १९६६ सालचा. सुरुवातीला पडद्यावर श्रेयनामावली येतच नाही. कलाकारांची नावं एक आवाज वाचून दाखवतो, आणि मागे दिसत राहतात घरांवरचे टीव्हीचे अँटेना. कारण या राज्यात छापील पुस्तकाला बंदी आहे. वर्तमानपत्र निघतं, पण नुसत्या चित्रांचं.

आणि बंब आहे, लालभडक. आपल्याकडे बंबाची घंटा ऐकली की माणसं बादल्या घेऊन धावतात. इथले बंबवाले आग लावायला येतात. दिव्याच्या आत दडवलेलं पुस्तकसुद्धा ते हुडकून काढतात आणि चौकात ढीग करून पेटवतात. ४५१ अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण २३३ अंश सेल्सिअस. पुस्तकाचा कागद पेट घेतो ते हे तापमान, असं सिनेमा सांगतो.

मूळ कादंबरी रे ब्रॅडबरी यांची, १९५३ची. तिचा जन्म कुठे झाला हे सांगायलाच हवं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या तळघरात भाड्याचे टाइपरायटर होते. दहा सेंट टाकले की अर्धा तास मशीन आपलं. ब्रॅडबरी खिशात नाणी घेऊन तिथे बसले आणि पहिला खर्डा ९ डॉलर ८० सेंटमध्ये पुरा केला. पुस्तकं जाळणाऱ्या सरकारची गोष्ट ग्रंथालयाच्या पोटात लिहिली गेली. मध्येच काही सुचलं की वर जाऊन कपाटातलं पुस्तक उघडून बघता येत होतं.

(दृश्य : चादरीवरच्या उजेडात पहिल्या रांगेतला मुलगा. मांडीवर पालथं ठेवलेलं पुस्तक.)

नायक माँटॅग स्वतः बंबवाला. एका रात्री तो चोरून आणलेली डिकन्सची कादंबरी उघडतो. टीव्हीच्या कोऱ्या पडद्याच्या उजेडात, शब्दाखाली बोट धरून, पहिलीतल्या पोरासारखा. लेखकाचं नाव वाचतो, प्रकाशकाचं वाचतो, पत्तासुद्धा सोडत नाही. गच्चीवर या वेळी कुणी कुजबुजतही नव्हतं. पुढे पाठलाग आहे, घरातूनच झालेली चहाडी आहे, माणसाचा जीव गेलेला आहे.

एक म्हातारी आपली पुस्तकं सोडून घराबाहेर पडायला नकार देते. बंबवाले वाट बघतात. तिच्या हातात काडेपेटी आहे.

(इथे निवेदन नाही. दुसऱ्या रांगेतल्या आजींचा चेहरा. पूर्ण वीस सेकंद.)

(दृश्य : सकाळ. ग्रंथालयाचा दरवाजा उघडतो. पायऱ्या, वाचनकक्ष.)

आता आपल्या गावाकडे येऊ. १९१० साली इंग्रज सरकारनं प्रेस ॲक्ट आणला. छापखान्यांकडून जामीन घ्यायचा आणि मजकूर खटकला की तो जप्त करायचा. त्याच १९१० साली, इंग्रजांच्या डोळ्यांदेखत, बडोद्यात काय चाललं होतं? सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं होतं. महाराज १९०६ साली अमेरिकेत हिंडून आले होते, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली होती. त्याच साली त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. वाचायला शिकवलं, मग वाचायला पुस्तकं नकोत? त्यांनी राजवाड्यातला आपला सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह दिला. १९११ साली इथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव जाऊ लागली. ज्या खेड्यात ग्रंथालय नाही तिथे पेटी उघडायची, लोकांनी वाचायचं, मग पेटी पुढच्या गावाला. बायकांसाठी वेगळी सोय, मुलांसाठी वेगळी.

सिनेमातला बंब पुस्तकं शोधत घरोघर जातो. बडोद्याची पेटीही दारापर्यंत जात होती, पुस्तकं द्यायला. ही पेटी प्रत्येक बडोदेकरानं एकदा डोळ्यांसमोर आणावी.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० साली गुजरात झाला. ग्रंथालय चालू राहिलं.

(दृश्य : दांडिया बाजारातलं घर. झोपाळा. आजी.)

सिनेमाच्या शेवटी माँटॅग शहराबाहेर, जंगलात पोचतो. तिथे पळून आलेली माणसं राहतात. प्रत्येकानं एकेक पुस्तक पाठ केलंय. मरणाला टेकलेला एक म्हातारा आपलं पुस्तक नातलग पोराकडून घोकून घेतोय. बर्फ पडतं. माणसं पुस्तकं पुटपुटत ये-जा करतात.

गच्चीवर त्या रात्री दुसऱ्या रांगेत बसलेल्या आजी सकाळी भेटल्या. झोपाळ्याच्या कडीला एक हात, मांडीवर पितळी डबीत अडकित्ता. आम्ही विचारलं, ‘आजी, तुम्हाला काय पाठ आहे?’

‘मनाचे श्लोक,’ त्या म्हणाल्या. ‘दोनशे पाचच्या दोनशे पाच. लहानपणी वडील संध्याकाळी ओट्यावर बसवायचे. एक चुकला की पहिल्यापासून.’

नातू खाली जमिनीवर बसला होता. आजींनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. एकतीसाव्या श्लोकाला त्या अडल्या. नातवानं हातातला फोन उचलला, आजींकडे बघितलं आणि परत खाली ठेवला. थोड्या वेळानं शब्द आला.

(इथून निवेदन नाही. आजींचा आवाज तसाच जाऊ द्यावा.)