न आलेल्या पाहुण्याचं कारंजं

नमस्कार, श्रोतेहो!

इंग्लंडमधल्या जुन्या सरदारी वाड्याची बाग म्हटली, की आखीव वाटा, कातरलेली झुडपं आणि दोन्ही बाजूंना दगडी पुतळे, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. डर्बिशर परगण्यातल्या चॅट्सवर्थला हे सगळं होतं, काही अजूनही आहे. पण मला विचाराल, तर तिथला खरा थाट पाण्याचा.

हे घर डेव्हनशरच्या ड्यूकांचं. पहिल्या ड्यूकनं 1690च्या दशकात इथे फ्रेंच पद्धतीची बाग मांडली. मूळचा डेन्मार्कचा शिल्पकार सिबर यानं तिच्यासाठी एक कारंजं घडवलं. त्यातले घोडे पुढून घोडे आणि मागून मासे! पुढे 1760च्या सुमाराला वारं फिरलं. 'केपेबिलिटी' ब्राउन नावाच्या बागकारानं आखीव ताटवे पुसून तिथे हिरवळ पसरली. फॅशन बदलली की दोन पिढ्यांचे कष्ट एका फटक्यात जातात, ते असे. सिबरचे घोडे मात्र वाचले. आज ते मोकळ्या हिरवळीत, गोल तळ्याच्या मधोमध उभे आहेत.

टेकडीवरून उतरणारा दगडी धबधबाही वाचला. ग्रिये नावाच्या फ्रेंच माणसानं तो 1696 मध्ये बांधला. त्याचे 24 टप्पे आहेत आणि प्रत्येकाची घडण थोडी निराळी. का, तर पाणी उतरताना त्याचा आवाज पालटत राहावा म्हणून. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला याचं कौतुक वाटणारच!

1826 मध्ये सहाव्या ड्यूकनं जोसेफ पॅक्स्टन या शेतकऱ्याच्या पोराला मुख्य माळी नेमलं. वय अवघं 22. पठ्ठ्या पहाटे साडेचारला पोचला, फाटक बंद म्हणून आत चढून गेला आणि सहा वाजता गड्यांना कामाला लावून मोकळा झाला. मग कारभारीणबाईंकडे न्याहारी करताना त्यांच्या भाचीवर त्याचं मन बसलं. पुढे तिच्याशीच लग्न झालं. यानंच चॅट्सवर्थच्या काचघरात ठेंगणी केळ वाढवली. ड्यूकच्या आडनावावरून तिचं नाव पडलं कॅव्हेंडिश. आपल्या जळगावची बसराई त्याच गोतातली.

तर 1844 मध्ये रशियाचा झार निकोलस इंग्लंडला येणार, अशी बातमी आली. ड्यूकची त्याच्याशी जुनी ओळख. त्यानं ठरवलं, झारच्या रशियातल्या कारंज्यांपेक्षा उंच कारंजं उडवून दाखवायचं. पॅक्स्टननं वर माळरानावर आठ एकरांचा तलाव खणला, आसपासचं पाणी पाटानं त्यात आणलं आणि तिथून खाली लोखंडी नळ टाकला. रात्री मशाली पेटवून काम चालू होतं. सहा महिन्यांत कारंजं तयार. पंप नाही, इंजिन नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं ना, तेच तत्त्व. इथे टाकी होती तीनशेहून जास्त फूट उंचावर. पाण्याची धार 296 फुटांपर्यंत गेली! पुढे 1893 पासून त्याच तलावाच्या पाण्यावर वाड्यात विजेचे दिवे लागले.

झार इंग्लंडला आला, राणीला भेटला आणि चॅट्सवर्थला न येताच परत गेला. कारंज्याचं नाव मात्र 'एम्परर', म्हणजे सम्राट, हेच राहिलं.

याच बागेत तांब्याचं एक विलोचं झाड आहे. पहिल्या ड्यूकच्या काळात अशा झाडाची इथे गंमत सुरू झाली. दिसायला अगदी खरं. पाहुणा खाली येऊन उभा राहिला, की फांद्याफांद्यांतून पाणी सुटायचं आणि रेशमी कपड्यांची वाट लागायची. 1832 मध्ये व्हिक्टोरिया इथे आली, तेव्हा ती 13 वर्षांची राजकन्या होती. बागेत बघण्याजोगं एवढं सगळं असताना तिला भारी आवडलं ते हे पिचकाऱ्या मारणारं झाड.