देश कर्जात बुडतो तेव्हा खापर कुणाच्या डोक्यावर?

नमस्कार मंडळी. माझ्या मागे जी इमारत दिसून राहिली ती नागपूरची रिझर्व्ह बँक. चौकाचं नाव संविधान चौक होऊन बरीच वर्षं झाली, पण ऑटोवाल्याला अजूनही 'आरबीआय चौक' सांगितलं की तो बरोबर इथेच आणून सोडतो. रिझर्व्ह बँकेचं जे सोनं भारतात आहे, ते मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत असतं. म्हणजे आपण रोज सिग्नलला थांबून हॉर्न वाजवतो, तिथून हाकेच्या अंतरावर देशाचं सोनं.

हेच सोनं एकदा गहाण पडलं होतं. 1991 च्या जुलैमध्ये जवळपास 47 टन सोनं मुंबईहून विमानाने बाहेर गेलं. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ते तारण ठेवून सुमारे 40 कोटी डॉलर आणले. तिजोरीतल्या परकीय चलनात दोन-तीन आठवड्यांची आयातही भागत नव्हती.

पंतप्रधान कोण होते तेव्हा? नरसिंह राव. आपल्या रामटेकचे जुने खासदार, 1984 आणि 1989 असे दोनदा इथून निवडून गेलेले. 21 जूनला शपथ घेतली आणि पुढच्याच महिन्यात सोनं विमानात. मग शिव्या कुणाला बसणार? पण सरकारी तूट वाढत गेली ती ऐंशीच्या दशकात. थोड्या मुदतीची परदेशी उधारी तेव्हाचीच. 1990 च्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं, तेलाचे भाव भडकले, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या. आणि वीसेक टन सोनं तर रावांच्या आधीच, चंद्रशेखर सरकारच्या काळात, स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेलं होतं.

कर्ज काढणारा एक, उधळणारा दुसरा, आणि वसुलीवाला दारात येतो तेव्हा घरात तिसराच. म्हणून 'कुणाच्या काळात बुडालं?' या प्रश्नावर मी फार वेळ घालवत नाही. तो भांडणाचा प्रश्न आहे, टीव्हीवाल्यांना लखलाभ.

आता श्रीलंकेकडे जाऊ. पानटपरीवर अर्थशास्त्र निघालं की पाचव्या मिनिटाला श्रीलंका येतेच. एक म्हणतो, फुकट वाटून बुडाले. दुसरा म्हणतो, चीनने फसवलं.

2019 च्या शेवटी गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि आल्या आल्या कर कापले. व्हॅट 15 टक्क्यांवरून थेट 8 वर. मग कोविड, पर्यटन बंद. 2021 मध्ये एका झटक्यात रासायनिक खतांवर बंदी. राजेहो, पेरणीच्या तोंडावर युरिया मिळाला नाही तर काय होतं, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. भाताचं पीक बसलं, चहा बसला. कोविड सोडला तर हा सगळा दोष घरचा, शंभर टक्के घरचा. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानेच तसं म्हटलं. नोव्हेंबर 2023 मध्ये चार विरुद्ध एक निकाल आला: गोटाबाया, महिंदा, बासिल हे तिघे राजपक्षे भाऊ, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि काही अधिकारी यांनी जनतेचा विश्वासभंग केला. देश बुडवल्याबद्दल कोर्टाने नावं घेऊन ठपका ठेवावा, हे क्वचितच घडतं. शिक्षा? अर्जदारांना दीड लाख रुपये खर्च द्या. श्रीलंकेचे रुपये. आपले पन्नास हजारही भरत नाहीत.

चीनचं म्हणाल, तर परदेशी कर्जात सगळ्यात मोठा वाटा चीनचा नव्हताच. तो होता सरकारी रोख्यांचा, म्हणजे उधारीचे जे कागद सरकार विकतं आणि न्यूयॉर्क-लंडनचे फंड विकत घेतात त्यांचा. हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांसाठी चिनी कंपनीला दिलं, त्याचे सुमारे 112 कोटी डॉलर आले, आणि बंदरासाठी काढलेलं कर्ज मात्र तसंच वहीत राहिलं. चीन साव आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्या नावाने ओरडताना दुसरा मोठा सावकार गुपचूप मागच्या दाराने निघून जातो.

आणि मला बोलायचंय ते याच सावकाराबद्दल.

आपल्याकडे कृषी केंद्रात बियाण्याच्या बॅगेचे दोन भाव असतात, नगदीचा वेगळा आणि उधारीचा वेगळा. दुकानदार उघड सांगतो, 'भाऊ, तुमचं पीक येईन का नाही येईन, मला काय मालूम? म्हणून दोनशे जास्त.' रास्त आहे. जोखीम त्याची, तिचा मोबदला त्याला. पण मग एखाद्या वर्षी बोंडअळीने सगळं खाल्लं, तर त्या दोनशेत हे धरलेलंच होतं ना? तेव्हा 'मला पै न् पै पाहिजे' असं त्याला म्हणता येतं का?

रोखेबाजारात म्हणता येतं. 2019 मध्ये श्रीलंकेने दहा-अकरा वर्षांचे डॉलर रोखे काढले, व्याज साडेसात टक्क्यांच्या वर. अमेरिकन सरकार तेव्हा दहा वर्षांसाठी दोन-अडीच टक्के देत होतं. वरचे पाच टक्के कशाचे? बुडण्याच्या भीतीचे. ती भीती विकूनच रोखेवाल्यांनी पैसा कमावला. आणि जानेवारी 2022 मध्ये, डॉलरची चणचण असताना, औषधं आणि इंधन आणायची मारामार असताना, श्रीलंकेने 50 कोटी डॉलरचे रोखे पूर्णच्या पूर्ण फेडले. तीन महिन्यांनी, 12 एप्रिलला, परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याची घोषणा. पेट्रोलच्या रांगेत दोन-दोन दिवस उभं राहिलेल्या माणसाला विचारा, ते 50 कोटी कुणाच्या कामी आले.

याहून वाईट प्रकार बघायचा तर मोझांबिक.

(स्क्रीनवर आफ्रिकेचा नकाशा, आग्नेय किनारा)

2013-14 मध्ये तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे 200 कोटी डॉलर उचलले. कारण काय दाखवलं? टुना मासे पकडायच्या बोटी, किनाऱ्यावर पहारा. सरकारने हमी दिली, पण संसदेला विचारलंच नाही. पैसा उभा करून देणाऱ्यांत क्रेडिट सुईस होती, जगातल्या बड्या बँकांपैकी एक. 2016 मध्ये लपवलेली कर्जं बाहेर आली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने (आयएमएफ) आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडले, चलन कोसळलं, हप्ते थकले. पुढे त्या बँकेच्या माजी अधिकाऱ्यांनी अमेरिकेत गुन्हा कबूल केला, एकाने तर कोट्यवधी डॉलरची लाच घेतल्याचं सांगितलं. बँकेला 2021 मध्ये 47 कोटी डॉलरच्या वर भरावे लागले. माजी अर्थमंत्री मानुएल चांग यांना न्यूयॉर्कमध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. इथे घेणाराही चोर, देणाराही चोर. आणि तिथल्या राजधानीतला, मापुतोतला शिक्षक, नर्स, कोळी? त्यांनी सही केली नाही, पैसा पाहिला नाही. महागाई मात्र त्यांनीच सोसली.

तुम्ही म्हणाल, मग दिवाळखोरी जाहीर करून मोकळं व्हावं. कंपनीला ते जमतं. आपल्याकडे 2016 पासून दिवाळखोरीचा कायदाच आहे, बँका तिथे निम्म्याहून जास्त रकमेवर पाणी सोडतात आणि त्याला झोकात 'हेअरकट' म्हणतात. देशासाठी असं कोर्ट कुठेच नाही. नाणेनिधीच्या अॅन क्रूगर यांनी 2001 मध्ये तशी व्यवस्था सुचवली होती. दोन वर्षांत अमेरिकेने तिला नकार दिला, विषय बासनात.

मग होतं असं, की बरेच सावकार तडजोडीला बसतात आणि एखादा बाहेर दबा धरून थांबतो. 2012 मध्ये कर्ज थकवलेल्या अर्जेंटिनाच्या नौदलाचं शिडाचं जहाज, लिबर्ताद, घानाच्या बंदरात अडकवून ठेवलं गेलं. अडकवणारा दुसरा देश नव्हता. तो होता पडत्या भावात रोखे उचलणारा एक फंड, एनएमएल कॅपिटल. दोनेक महिन्यांनी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जहाज सोडवलं, पण फंड काही हटला नाही. 2016 मध्ये अर्जेंटिनाने त्याला 200 कोटी डॉलरहून जास्त मोजले, खरेदीच्या कित्येक पट.

तर माझं मत सरळ आहे. राज्यकर्त्यांचा दोष पहिला, त्यात सूट नाही. पण जो जोखमीचं व्याज घेतो, त्याला जोखीमही घ्यावी लागेल. ती तो घेत नसेल, तर पुढच्या वेळी नालायक सरकारला पैसा देताना त्याचा हात थरथरणारच कशाला?

श्रीलंकेचा हिशेब डिसेंबर 2024 मध्ये मिटला. रोखेवाल्यांनी मुद्दलात पाव भागाच्या आसपास सूट दिली, जुने कागद घेतले, नवे दिले. त्यातल्या काही नव्या कागदांवर एक अट आहे: श्रीलंकेची अर्थव्यवस्था अंदाजापेक्षा चांगली चालली, तर रोखेवाल्यांना वाढीव पैसे मिळतील. आपटली तर रक्कम कमी होते, पण वर जाण्यातला वाटा आधीच लिहून घेतलाय.