शाळेआधीचे बारा दिवस

नमस्कार, श्रोतेहो.

वळवाचे दोन-चार पाऊस झाले की आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या गर्दीचा रंग बदलतो. लग्नाचा बस्ता बांधणारे कमी होतात आणि मुलाचं मनगट धरून गणवेशाच्या दुकानात शिरणारे वाढतात. दप्तर, बूट, डबा, बाटली, रेनकोट सगळं घरी येतं आणि तसंच कपाटात जातं, कारण पहिल्या दिवशी कोरं घालायचं असं ठरलेलं असतं. आज मी नेमकं याच्या उलट सांगणार आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या अंगावर, पायात आणि पाठीवर एकही वस्तू अशी नको, की जी तो त्या दिवशी पहिल्यांदा वापरतोय. आपल्याकडं शाळा आणि पाऊस साधारण एकाच आठवड्यात येतात. कोरड्या दुकानात झकास दिसलेली वस्तू ओल्या रस्त्यावर कशी वागते, ते पहिल्या दिवशी कळून उपयोग नाही.

सुरुवात झोपेपासून करू, कारण तिलाच सगळ्यांत जास्त दिवस लागतात. मे महिन्यात रंकाळ्यावरची भेळच मुळी रात्री साडेनऊला सुरू होते. मुलं अकरा-साडेअकराला झोपतात, साडेआठला उठतात. शाळेसाठी सातला उठायचं असेल तर हे अंतर दीड तासाचं झालं. आदल्या रात्री 'चला, आज लवकर झोपा' म्हणून ते भरून निघत नाही. मूल अंथरुणात नुसतं लोळत राहतं आणि सकाळी रडतं. हिशेब सोपा आहे. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं मागं या. दीड तासाचे सहा टप्पे होतात आणि बारा दिवस लागतात. 15 जूनला शाळा असेल तर 3 जूनला सुरुवात.

यात घराघरांत एक चूक होते. आपण झोपायची वेळ ओढायला जातो. आधी उठायची वेळ ओढा, झोपायची वेळ तिच्यामागून आपोआप येते. उठवल्यावर मुलाला लगेच उजेडात आणा, गॅलरीत, गच्चीवर किंवा अंगणात. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा आणि झोपण्याआधी तासभर मोबाईल, टीव्ही बंद. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. हायस्कूलच्या मुलांना आठ ते दहा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारनं 2024 सालीच सांगितलंय. तरी रिक्षाची फेरी लवकर असेल तर तुमच्या घरचं घड्याळ त्या फेरीवर चालतं. म्हणून रिक्षामामांना आधी वेळ विचारा आणि मगच उठण्याची वेळ ठरवा. विचारताय तसं रिक्षात मुलं किती बसवणार तेही विचारा. दप्तरं बाहेर लटकतात का आणि मामांच्या शेजारी पुढच्या सीटवर कुणी बसतं का, हे तर डोळ्यांनीच बघून घ्या.

आता दप्तर. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. केंद्राच्या 2020 च्या धोरणातही हाच आकडा आहे. तिसरीतलं मूल पंचवीस किलोचं असेल तर दप्तर भरून अडीच किलो. हे अडीच किलो किती पटकन संपतात बघा. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, त्यात बाटलीचं वजन वेगळं. दोनशे पानी मोठी वही पाव किलोच्या घरात जाते, अशा चार घातल्या की एक किलो. त्यात दप्तरच रिकामं असताना किलोभर भरत असेल तर पुस्तकांना जागाच उरली नाही. म्हणून दुकानात दप्तर आधी रिकामं हातात तोलून बघा, चाकं आणि कार्टून नंतर. वह्या शंभर पानीच घ्या. वर्षात दोनदा घ्याव्या लागतील, पण रोज निम्मंच ओझं जाईल. आणि शाळेची यादी मिळेपर्यंत थांबा. चौरेघी सांगितली असताना दुरेघीचा डझन घरात पडून राहिल्याची उदाहरणं दर जूनमध्ये असतात. पहिली ते आठवीला सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, तीही आधी विकत घेऊ नका.

दप्तरावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं. ते कापडापुरतं खरं असतं. पाणी कापडातून येत नाही, शिलाईच्या सुईनं पडलेल्या भोकांतून आणि चेनमधून येतं. घरी पारख करता येते. दप्तरात जुनं वर्तमानपत्र घड्या घालून उभं भरा, अगदी वह्या ठेवतो तसं. चेन लावा आणि मोरीत ठेवून वरून चार-पाच तांबे पाणी सावकाश ओता, एकदम नको. पाच मिनिटांनी उघडून कागद बघा. वरच्या कडेला ओल असेल तर चेन गळते. खालचे कोपरे ओले असतील तर शिलाई. चेन गळत असेल तर वरून कव्हर घालून भागतं. शिलाई गळत असेल तर कव्हर पुरत नाही, कारण दप्तर ओल्या फरशीवर टेकवलं की पाणी खालून चढतं. मग आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि वह्या तिच्यातच ठेवायची सवय लावा.

रेनकोट घेताना मुलाच्या पाठीवर भरलेलं दप्तर अडकवा आणि त्यावरून घालून बघा. दप्तरासाठी माप मोठं घ्यावं लागतं, पण खालची कड पोटरीच्या खाली जायला नको. रिक्षात चढताना पाय त्याच्यात अडकतो. टोपीनं बाजूचं दिसत नसेल तर टोपी मागं खेचून एक प्रेस बटण लावून घ्या. रस्ता ओलांडताना मूल मान वळवतं, पण टोपी वळत नाही.

बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे फुगतात म्हणून. शाळेचा मोजा घालून मुलाला उभं करा. बसलेल्या पायाचं माप कमी येतं. दोन्ही पाय बघा, एक थोडा मोठा असतोच. सगळ्यांत लांब बोटापुढं साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. 'वर्षभर पुरायला हवेत' म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर चालताना टाच वर-खाली होते आणि तिसऱ्या दिवशी मागं फोड येतो. मग मूल बूट तुडवून चपलेसारखे घालतं, आणि वर्षभर पुरवायला आणलेले बूट गणपतीपर्यंतही टिकत नाहीत. घरात रोज अर्धा तास असे चार-पाच दिवस बूट घालू द्या. शाळा सुरू झाल्यावर दहा-बारा दिवसांतच 26 जूनला शाहू जयंती येते. प्रभातफेरीत मुलं चालतात, दसरा चौकापर्यंतही जातात. करकरीत बुटांचं तिथं काही खरं नसतं.

शाहू महाराजांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 1917 साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया.

भिजलेल्या बुटांबद्दल. घरी आल्या आल्या आतलं पातळ सोल काढून वेगळं वाळत घाला. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला. पहिले बोळे पाणी पिऊन गच्च होतात, ते रात्रभर तसेच ठेवले तर वास येतो. बूट पंख्याखाली आडवे ठेवा. गॅसशेजारी किंवा चुलीपुढं नकोत, उष्णतेनं सोलाचं चिकटवण सुटतं. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पंचानं टिपून कोरड्या करा, नाहीतर आठवड्यात चिखल्या होतात. दप्तरात मोज्यांचा एक कोरडा जोड कायम असावा. पावसाळ्यात सँडल चालतात का, हे शाळेला विचारा. बऱ्याच शाळा चालवून घेतात. पापाच्या तिकटीवरची कोल्हापुरी मात्र दिवाळीपर्यंत कपाटातच बरी, पाणी प्यायलं की ते चामडं फुगतं.

गणवेश शिवून घेणार असाल तर सुती कापड आधी भिजवून, वाळवून मग शिंप्याकडं द्या. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि चूक शिंप्याच्या माथी जाते. पँटच्या तळाशी दोन इंच आणि बाजूच्या शिलाईत अर्धा इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. दिवाळीनंतर उसवून वाढवता येईल.

पण गणवेशाची खरी परीक्षा लघवीच्या वेळी होते. पहिली-दुसरीच्या मुलाला घट्ट हूक, पट्ट्याचं बक्कल किंवा नाडीची गाठ स्वतः सोडता येत नाही. बाईंना सांगायची लाज वाटते. मग मूल दिवसभर लघवी धरून ठेवतं आणि लघवी लागू नये म्हणून पाणी पीत नाही. बाटली रोज भरलेलीच परत येते आणि आपल्याला वाटतं, विसरला असेल. लहान वर्गात कमरेला इलॅस्टिकच घ्या. पूर्ण गणवेश घालून, आपला हात न लावता, संडासला जाऊन येण्याचा सराव घरी दोन-तीनदा करून घ्या. भारतीय आणि कमोड, दोन्ही प्रकारांचा.

तीच गत डब्याची. चार बाजूंनी खटके असलेला डबा सांडत नाही हे खरं, पण नवा असताना त्याचा रबर इतका घट्ट असतो की सहा वर्षांच्या बोटांना तो उघडतच नाही. मूल दात लावतं, नाहीतर डबा तसाच परत आणतं. साधा स्टीलचा, एका हातानं धरून दुसऱ्यानं निघणारा डबा बरा. पुढच्या आठवडाभर दुपारचं एक खाणं घरातच डब्यातून द्या, बाहेर सतरंजीवर बसवून, आणि घड्याळ लावा. मधली सुट्टी अर्ध्या तासाची धरली तरी हात धुणं, जागा शोधणं आणि गप्पा वजा जाता खायला पंधरा मिनिटं उरतात. तेवढ्यात किती संपतं ते बघा आणि तेवढंच भरा. तव्यावरची चपाती लगेच डब्यात घातली तर वाफेचं पाणी झाकणाला धरतं, ते खाली पडून चपाती चिकट होते. फडक्यावर पाच-सात मिनिटं पसरून ठेवा, निवली की घडी घाला. कांदा-लसूण चटणीचं तेल झाकणातून निसटून वहीपर्यंत पोचतं, डब्यात ती नकोच. शेंगदाण्याची कोरडी चटणी द्या.

अभ्यासाचं थोडक्यात सांगतो. नव्या इयत्तेचे धडे घरी आधीच उरकून ठेवू नका, वर्गात मूल कंटाळतं. मागच्या वर्षाचं रोज वीस मिनिटं पुरे. पाच ओळी शुद्धलेखन, एक पाढा, हातच्याची चार गणितं. सुट्टीत बोटांची पकड सैल होते, म्हणून पहिल्या दिवशी पाच ओळींनंतर हात दुखतोच. शनिवारपर्यंत दहावर जाता येतं. पहिलीत जाणाऱ्यांसाठी पेन्सिलीआधी कणीक मळणं, कागद फाडणं, शेंगा सोलणं. बोटांना जोर तिथून येतो.

पुस्तकाला कव्हर घालायला मुलालाच बसवा. एक गोष्ट तेवढी दाखवा. कव्हरची दुसरी बाजू आत दुमडताना पुस्तक मिटलेलं असावं. उघड्या पुस्तकावर ताणून दुमडलं की मिटताना कागद कण्यापाशी ओढला जातो आणि दोन दिवसांत तिथंच फाटतो.

कागदपत्रांत आधारकार्डावरचं नाव, जन्मतारीख आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातली नोंद अक्षर न् अक्षर जुळते का, ते याच आठवड्यात बघा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच नोंद उतरते आणि त्यानंतर दुरुस्तीला फार चकरा पडतात. मुलाला पाच किंवा पंधरा वर्षं पूर्ण झाली असतील तर आधारमधले बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं द्यावी लागते. लसींचं कार्ड काढलंच तर पाचव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचे डोस तपासा. आणि डोक्यात उवा असतील तर एकदा औषध लावून भागत नाही. लिखा आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर तीन दिवसांनी ओल्या केसांतून फणी फिरवा, सलग दोन आठवडे.

एकदा मुलाबरोबर शाळेचा रस्ता चालून या, शक्यतो पाऊस असताना. पाणी कुठं साचतं, गटाराचं झाकण कुठं नाही, ते त्याला दिसू द्या. 'मी आहेच बाहेर' असं मोघम सांगू नका. 'शाळा सुटली की आजी गेटच्या डाव्या हाताला, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर असेल' असं सांगा, आणि आजीला खरंच तिथंच उभं करा. आईचा किंवा बाबांचा दहा आकडी नंबर पाढ्यासारखा तालात पाठ करून घ्या.

पहिल्या दिवशी मूल घरी आलं की आपला पहिला प्रश्न असतो, 'काय शिकवलं?' पहिल्या दिवशी फारसं काही शिकवत नाहीत. त्यापेक्षा विचारा, डबा कुणी उघडून दिला? लघवीला गेला होतास का? मोजे ओले झाले का? उत्तरं ऐकता ऐकता बुटात कागदाचे बोळे कोंबून टाका, दुसऱ्या दिवशीची रिक्षा त्याच वेळेला यायची असते.

नमस्कार.