बावीसची गाडी, चौदाचं शहर

[दृश्य: पहाट. वेताळ टेकडी. फिरायला आलेली माणसं, खाली कोथरूड जागं होतंय.]

पौड रस्ता सोडून वर चढलं की ही टेकडी लागते. नकाशावर नाव वेताळ टेकडी, पण फिरायला येणारे बरेच कोथरूडकर हिला ‘एआरएआय’च म्हणतात. इथे मोर दिसतात, पहाटे कानटोपीवाल्या आजोबांची रांग दिसते आणि कुंपणापलीकडे दिसते ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था. स्थापना 1966. देशात विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांचा ‘लिटरला अमुक किलोमीटर’ हा आकडा या टेकडीवरून खाली उतरतो. मग तो जाहिरातीत ठळक छापला जातो आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 115 नुसार चाचणी संस्थेने प्रमाणित.

[दृश्य: सोसायटीचं पार्किंग. पांढरी सेडान. डिकी उघडून पिशव्या ठेवणं चाललंय.]

टेकडीच्या पायथ्याच्या एका सोसायटीतली ही गाडी. 2018 ची, पेट्रोल, 1.2 लिटरचं इंजिन, लांबी चार मीटरच्या आत. अशा आखूड सेडान आपल्याकडेच का दिसतात, याचं कारण अर्थसंकल्पात आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा कर 2006 मध्ये कमी झाला, आणि पुढे कंपन्यांनी डिक्या छाटायला सुरुवात केली. पण डिकी आहे, म्हणजे मध्यमवर्गीय घराच्या भाषेत ही मोठी गाडी.

घेतली तेव्हा कागदावरचा आकडा होता 22.

गाडीचे मालक काका, बँकेतून निवृत्त झालेत. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीपासून त्यांना एक सवय आहे. प्रत्येक टाकीचा हिशेब वहीत.

[दृश्य: वहीचं जवळून चित्रण. निळी शाई, चार रकाने. तारीख, किलोमीटर, लिटर, भागाकार.]

शेवटच्या रकान्यात बावीस शोधायला बसलात तर वेळ जाईल. शहरातल्या पानांवर तेरा, साडेतेरा, चौदा. सुट्टीत गावाला गेले की एकोणीस, एखाद्या वेळी वीस. गाडीत दोष नाही. सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं आहे, त्याच्या पावत्याही त्याच वहीत टाचलेल्या आहेत. शंका कागदावरच्या आकड्याबद्दल घ्यायला हवी. म्हणून आधी तो कसा निघतो ते पाहू.

[दृश्य: पडद्यावर आलेख. आडवी रेघ सेकंदांची, उभी रेघ वेगाची. एक ठिपका रेघेवरून पुढे सरकतोय.]

चाचणी बंद खोलीत होते. गाडीची पुढची चाकं रोलरवर असतात. गाडी पळते, पण जागची हलत नाही. समोर मोठा पंखा. ड्रायव्हरच्या पुढे पडदा, आणि त्या पडद्यावर ही रेघ. रेघ वर गेली की वेग वाढवायचा, खाली आली की कमी करायचा. एकूण 1180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी.

पहिला भाग शहराचा समजायचा. 195 सेकंदांचा एक तुकडा, तोच चार वेळा. प्रत्येक तुकड्यात तीन वेळा निघायचं आणि तीन वेळा थांबायचं. पहिल्यांदा ताशी 15 पर्यंत, मग 32, मग 50. आता हा चढ नीट बघा. शून्यापासून ताशी 50 ला पोहोचायला या ड्रायव्हरला 26 सेकंद मिळतात. सव्वीस! कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटल्यावर इतका वेळ घेऊन बघा. मागच्या पीएमपी बसचा ड्रायव्हर तुमच्या घराण्याची चौकशी करील.

दुसरा भाग मोकळ्या रस्त्याचा. 400 सेकंद, कमाल वेग ताशी 90. पुढे ट्रक नाही, मध्येच आडवा येणारा रिक्षावाला नाही. चढ नाही, उतार नाही, गतिरोधक नाही. आणि एसी बंद.

पेट्रोल किती जळलं हे टाकीत डोकावून मोजत नाहीत. नळीतून बाहेर आलेला धूर गोळा करतात आणि त्यातला कार्बन मोजतात. गाडीत जितका कार्बन पेट्रोल म्हणून गेला, तितकाच धूर म्हणून बाहेर यायला हवा. त्यावरून उलटा हिशेब. मोजमाप अतिशय काटेकोर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या गाड्या एकाच रेघेवरून चालतात, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगलाच.

पण थोडी बेरीज करा. पूर्ण चाचणी सुमारे 10.6 किलोमीटरची. त्यातलं शहर चार किलोमीटर आणि मोकळा रस्ता साडेसहा. म्हणजे कागदावरच्या बावीसमध्ये शहर कमी आणि हायवे जास्त. या घरातली गाडी नेमकी उलटी चालते.

[दृश्य: सकाळचे साडेआठ. चांदणी चौकाचे वळणदार पूल, वरून.]

काकांची मुलगी रोज कोथरूडहून हिंजवडीला जाते. हा चांदणी चौक. इथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला, तेव्हा अख्खं पुणे जागं राहून मोबाइलवर बघत होतं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवे पूल सुरू झाले. चौक सुटला. गर्दी मात्र आता थोडी पुढे जाऊन थांबते.

[दृश्य: वाकडचा पूल. ब्रेकच्या लाल दिव्यांची रांग. गाडीच्या आतून, क्लचवरचा पाय.]

पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. हा क्लचवरचा पाय बघत राहा, कारण पेट्रोल इथेच जातं. माणसांसकट ही गाडी एक टनाच्या थोडी वर. तिला ताशी 50 पर्यंत नेलं आणि ब्रेक दाबला, की तिला वेग द्यायला जाळलेलं दहा-पंधरा मिलिलिटर पेट्रोल ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन जातं. एका वेळी दोन-तीन चमचे. रांगेत सरकताना वेग कमी असतो, त्यामुळे प्रत्येक ब्रेकचा तोटाही कमी, पण ब्रेक किती वेळा लागतो ते मोजायचं सोडून द्यावं.

आणि गाडी उभी असते तेव्हाही इंजिन पीतच असतं. एवढ्या इंजिनाला नुसतं चालू राहायला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं. एसी लावला की वरच्या टोकाकडे. रोज जाऊन-येऊन अर्धा तास असा उभा गेला, तर पाव ते अर्धा लिटर पेट्रोल आणि किलोमीटर शून्य. भागाकारात वर शून्य आणि खाली पेट्रोल.

एसी बंद करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. एप्रिलमध्ये, डाव्या बाजूला काँक्रीटचा मिक्सर आणि उजव्या बाजूला कंपनीची बस असताना, काचा खाली करून त्यांनी एकदा यावं.

[दृश्य: पेट्रोल पंप. नोझल टाकीत. मीटरचे आकडे फिरतात. खट्ट असा आवाज.]

आता काकांची पद्धत. कुणीही करू शकेल अशी आहे, पण नीट करायला हवी.

टाकी फुल करायची. नोझल आपोआप बंद पडलं, पहिला ‘खट्ट’ आला, की थांबायचं. इथे पंपावरचा मुलगा हमखास विचारतो, “काका, राउंड फिगर करू?” आणि काका हमखास म्हणतात, “नको रे बाबा, जेवढं झालं तेवढं लिही.” दोन हजारांचा आकडा गाठायला वरून थेंब थेंब भरलं की हिशेब गेला. शिवाय टाकीच्या गळ्यापर्यंत पेट्रोल भरणं गाडीलाही चांगलं नाही. मग ट्रिप मीटर शून्य करायचं.

पुढच्या वेळी तोच पंप, शक्य तर तीच बाजू, कारण जमिनीचा उतार बदलला तरी नोझल लवकर किंवा उशिरा बंद होतं. पुन्हा पहिल्या खट्टवर थांबायचं. ट्रिप मीटरचे किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर. पाच लिटर भरून काढलेल्या आकड्यावर भांडू नये. अर्ध्याहून जास्त टाकी संपल्यावर काढलेला आकडा खरा, आणि तीन-चार टाक्यांची सरासरी त्याहून खरी.

[दृश्य: गाडीच्या पडद्यावरचं अ‍ॅव्हरेज, शेजारी वही धरलेली.]

गाडीचा पडदाही आकडा दाखवतो. इथे पडदा वहीपेक्षा उदार आहे. काकांचा विश्वास वहीवर.

[दृश्य: हवा भरणं. टायरवर धरलेला मीटर.]

पंपावर आलोच आहोत तर हवा. हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. दर एक पीएसआय कमी हवेमागे साधारण 0.2 टक्के मायलेज जातं. फार वाटत नाही. पण चारही टायर सात-आठ पीएसआयने बसलेली गाडी कित्येकांच्या दारात उभी आहे आणि मालक इंजिन ऑइलच्या ब्रँडबद्दल चर्चा करतोय.

[दृश्य: पुणे-सातारा रस्ता. खंबाटकी घाट, ड्रोनमधून. गाडी वळणं घेत चढतेय.]

सुट्टीची सकाळ, गावचा रस्ता. पाचवा गिअर, ताशी 80, आणि वहीतला रकाना हसू लागतो. इंजिन तेच, पेट्रोल तेच, पाय तोच. फक्त थांबणं गेलं. वेग मात्र वाढवू नका. 80 वरून 100 वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो, 120 वर सव्वादोनपट. घाटाचं गणित आणखी सरळ आहे. ही गाडी शंभर मीटर उंच चढवायला सव्वाशे-दीडशे मिलिलिटर पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं काही उतारावर परत मिळतं, पण कसं, यावर गाडीत वाद आहे.

[दृश्य: गाडीच्या आत. काका चालवताहेत. उतार सुरू. हात गिअरकडे जातो.]

मुलगी म्हणते, “अहो बाबा, न्यूट्रल नको. गिअरमध्येच असू द्या.”

पद्मिनीला कार्ब्युरेटर होता, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा साधा यांत्रिक भाग. गिअरमध्ये उतरताना तो पेट्रोल ओढतच राहायचा, म्हणून उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये राहिली, की चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रल केलं की इंजिन जिवंत ठेवायला त्याला पुन्हा थोडं पेट्रोल सोडावं लागतं. वर सगळा भार ब्रेकवर, आणि घाटात ब्रेक तापले की काय होतं ते खंबाटकीत गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको. काका हात मागे घेतात. पटलंय असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

[दृश्य: कराडच्या अलीकडे. उसाने भरलेल्या ट्रॉल्या, दूर कारखान्याची चिमणी, धूर.]

हा ऊस साखरेला चालला आहे आणि त्यातला काही आपल्या टाकीत येणार आहे. देशात पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे मिश्रणाच्या लिटरमध्ये ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. सगळी घट चाकापर्यंत पोहोचतेच असं नाही. सरकारने 2025 मध्ये दिलेला आकडा असा, की या इंधनासाठी जुळवलेल्या गाड्यांत मायलेज एक-दोन टक्के घटतं, बाकीच्यांत तीन ते सहा. आपली गाडी 2018 ची, म्हणजे बाकीच्यांतली. तिचा बावीस निघाला तेव्हाचं पेट्रोल असं नव्हतं. ऊसवाल्याला चार पैसे मिळाले तर आनंद आहे, आमचाही ऊस आहे. पण आकडा बदलला हे गिऱ्हाइकाला सांगायला काय हरकत होती?

[दृश्य: पुन्हा वाकड, संध्याकाळ. वरून गाड्यांची नदी.]

बाहेर काय चालतं? अमेरिकेत गाडीच्या काचेवरच्या कागदावर शहराचा आकडा वेगळा आणि हायवेचा वेगळा छापतात. 2008 च्या मॉडेलांपासून तिथल्या हिशेबात एसी लावून, 35 अंशांच्या उकाड्यात केलेली चाचणीही धरतात. युरोपात आपल्यासारखीच जुनी रेघ होती. ती त्यांनी 2017 पासून सोडायला सुरुवात केली आणि नवी, जास्त लांब आणि जास्त वेगाची चाचणी आणली. शिवाय 2021 पासून तिथल्या नव्या गाड्या स्वतः किती पेट्रोल प्यायल्या याची नोंद ठेवतात आणि ती नोंद सरकारकडे जाते. त्यातून कळलं, की नव्या चाचणीच्या आकड्यापेक्षाही पेट्रोल गाड्या रस्त्यावर 23.7 टक्के जास्त जाळतात. हे त्यांना कळलं, कारण त्यांनी गाड्यांनाच विचारलं.

नवी युरोपीय चाचणी आपल्याकडे आणण्याच्या हालचाली आहेत. एसी त्या चाचणीतही बंदच असतो. आपल्या देशात, मे महिन्यात, एसी बंद ठेवून काढलेलं मायलेज नेमकं कुणाचं?

बावीसच्या जागी चौदा म्हणजे त्याच अंतराला दीडपटीहून जास्त पेट्रोल, शंभरी ओलांडलेल्या दराने, आणि प्रत्येक लिटरमागे हवेत दोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड.

[दृश्य: बाल्कनी. चहा. समोर मोबाइलवर गाड्यांची चित्रं.]

घरात पुढच्या गाडीची चर्चा सुरू झाली आहे. मुलीला पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड हवी, कारण वाकडच्या पुलावर ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा तिथे बॅटरीत जाते, आणि रांगेत सरकताना इंजिन बंद राहतं. किंमत ऐकून काका सीएनजीवर आलेत. त्यावर काकूंचा एकच प्रश्न आहे. डिकीत टाकी बसली तर गावाहून तांदळाचं पोतं कशात आणायचं?