न ठरवता म्हैसूर

मंडळी, बेंगळुरूकडे निघालेली गाडी मधेच म्हैसूरला न्यावीशी वाटली, तर तो निर्णय हिरियूरपर्यंत घ्या. चित्रदुर्ग मागे टाकलं की हिरियूरला राष्ट्रीय महामार्ग १५०अ लागतो. हुळियार, चिक्कनायकनहळ्ळी, नागमंगल करत तो श्रीरंगपट्टणला उतरतो आणि बेंगळुरू शहरात शिरावंच लागत नाही. हा फाटा हुकला तर बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्ग आहेच. पण त्याच्या मुख्य मार्गिकांवर ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी आहे. मोटरसायकलवाल्यांनी बाजूचा सेवारस्ता धरायचा.

आता वार बघा. न ठरवता आलेल्यांचं सगळ्यात जास्त फसतं ते इथे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास राजवाड्यावर जवळपास लाखभर दिवे लागतात. वाडा आतून बघायची वेळ मात्र साडेपाचला संपते. म्हणजे एकाच वाड्याच्या दोन फेऱ्या. त्या दिवशी कृष्णराजसागरच्या वृंदावन बागेचं नाव काढू नका. तिथली कारंजीही संध्याकाळचीच, आणि धरण वीसेक किलोमीटर लांब. दोन्ही पदरात पडत नाही. मंगळवारी आलात तर प्राणिसंग्रहालय बंद असतं.

आतली फेरी सकाळी करा, आणि त्याला कारण आहे. आधीचा वाडा बराचसा लाकडी होता. १८९७ मध्ये राजघराण्यातल्या लग्नसमारंभात आग लागून तो गेला. हेन्री आयर्विनच्या आराखड्यावरून उभा राहिलेला आजचा वाडा १९१२ मध्ये पुरा झाला, आणि त्यात दगड, वीट, लोखंड यांवर भर आहे. याचं उत्तम दर्शन घडतं कल्याणमंडपात. ग्लासगोहून आणलेले ओतीव लोखंडाचे खांब, वर रंगीत काचेचं अष्टकोनी छत, त्यात मोर. ही काच उन्हासाठीच आहे. ऊन उतरलं की तिचे रंग मंदावतात. लोक छताकडे बघून पुढे सरकतात, पायाखालच्या फरशीतही मोर आहेत हे राहूनच जातं. भोवतीच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची सव्वीस चित्रं आहेत. ती चालता चालता बघण्यासारखी नाहीत. चेहरे खऱ्या माणसांचे आहेत, थांबून बघा.

पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी अंगणातली फरशी पोळते, म्हणून मोजे जवळ असू द्या.

जगनमोहन राजवाडा इथून जवळ आहे. चित्रसंग्रह उघडा आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. कारण तिथे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. जलरंगातलं काम, आणि बोटांच्या फटीतून झिरपणारा उजेड निव्वळ कागद राखून, पातळ थर चढवत आणलेला. जलरंगात चुकलेला उजेड परत मिळवणं फार अवघड असतं, हे ज्यांनी ब्रश धरलाय त्यांना सांगायला नको. मराठी माणसाने म्हैसूरला जाऊन हे चित्र चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

चामुंडी टेकडीला गाडीरस्ता आहे, शिवाय हजारभर पायऱ्या. दमसास कमी असेल तर वरपर्यंत गाडीने जा आणि नंदीपर्यंत पायऱ्यांनी उतरा. एकाच दगडातला हा नंदी सतराव्या शतकातला आहे.

पुढे उटी किंवा वायनाडला जायचं असेल, तर रविवारचे दिवे बघून लगेच निघता येत नाही. बंदीपूरच्या जंगलातून जाणारे रस्ते रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतात. मुक्काम म्हैसूरलाच करा आणि पहाटे निघा, म्हणजे फाटक उघडताना तिथे पोचाल.