एकच बदाम होता, म्हणूनच बोलायचं होतं

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी मेंढीकोट आणि तीनशेचार खेळून ब्रिजकडे आले असणार. तीनशेचारात पहिली चार पानं हातात आली की बोली लावायची, उरलेली चार नंतर मिळतात. म्हणजे अर्ध्या माहितीवर तोंड उघडायचं धाडस आपल्याला लहानपणापासून आहे. मग ब्रिजच्या टेबलावर तेराच्या तेरा पानं समोर असताना ते कुठे जातं? प्रतिस्पर्ध्याने 'एक बदाम' म्हटलं, म्हणजे बदाम हुकूम धरून सहा अधिक एक हात करतो म्हटलं, की आपण पॉइंट मोजतो (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक), अकरा भरले, बारा नाही भरले, की पासचं कार्ड बाहेर. आज मी तिसऱ्या पातळीवर, म्हणजे नऊ हातांची बोली, बोलावं की नाही यावर बोलायचं कबूल केलं आहे. तिथे येतोच. त्याआधी माझ्या मनातली एक गोष्ट सांगू द्या.

आणि त्याच्याही आधी एक आठवण. आपण खेळतो त्या गुणपद्धतीची सुरुवात १९२५ साली एका जहाजावर झाली. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट 'फिनलंड' नावाच्या जहाजातून पनामा कालव्याने प्रवास करत होते, बरोबर पत्त्यांची मंडळी होती. तोवरच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली कमी लावून जास्त हात केले तरी गेम, म्हणजे बोनस मिळवून देणारा गुणांचा टप्पा, पदरात पडायचा. नव्या पद्धतीत बोललेल्या हातांचेच गुण गेमसाठी धरायचे ठरले. तेव्हापासून गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते. 'व्हल्नरेबल', म्हणजे हात कमी पडले तर दंड जास्त आणि गेमचा बोनसही जास्त अशी स्थिती, हा शब्दही त्याच जहाजावरच्या एका तरुणीने सुचवला, असं सांगतात.

आता माझी गोष्ट. पेअर्सची स्पर्धा, म्हणजे तेच डाव सगळ्या जोड्या खेळतात आणि गुणांची तुलना होते. कोणीच व्हल्नरेबल नाही. माझे भिडू आमच्या वाड्यातले एक काका. उजवीकडच्याने 'एक बदाम' म्हटलं. माझ्या हातात इस्पिकचा एक्का, राणी, दहा आणि दोन बारीक; चौकटचा राजा आणि तीन बारीक; किल्वरची तीन फुटकळ पानं; आणि बदामची एकुलती एक तिर्री. नऊ पॉइंट. मला शिकवणाऱ्यांनी घोकून घेतलं होतं की बारा पॉइंटांशिवाय मध्ये पडायचं नाही. पास. डावीकडून 'दोन बदाम', काकांचा पास, उजवीकडचा पास, आणि पाळी पुन्हा माझ्यावर. मी पुन्हा पास. दोन्ही वेळा तोंडात मिठाची गुळणी. त्यांचे आठ हात झाले, एकशे दहा गुण त्यांच्या नावावर.

पानं उलटी केल्यावर कळलं की काकांकडे इस्पिकचा राजा आणि दोन बारीक, चौकटचा एक्का-राणी, किल्वरची राणी. 'दोन इस्पिक' खेळलो असतो तर इस्पिकचे पाच आणि चौकटचे तीन, आठ हात डोळ्यांसमोर. एकशे दहा आमच्या नावावर. मला वाटलं आता काका रागावणार. ते शांतपणे म्हणाले, "बदाम किती होते तुझ्याकडे?"

"एक."

"ओपनरकडे पाच, त्याच्या भिडूकडे निदान तीन. मग माझ्याकडे किती उरले?"

"चार."

"माझे पॉइंट अकरा, पण चार बदाम घेऊन मी काय बोलणार होतो? डबल म्हणून भिडूला उरलेल्या रंगांतून निवड करायला सांगायचं, तर त्यांच्या रंगात पानं कमी लागतात, आणि पाच पानांचा रंग माझ्याकडे नव्हता. तू गप्प बसलास की आपलं अख्खं टेबल मुकं झालं."

इतकी वर्षं झाली, हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मला आज तुमच्याकडे तेच मागायचं आहे: पॉइंट मोजायच्या आधी त्यांच्या रंगातली आपली पानं मोजा. एक किंवा एकही नसेल, तर बोलायची जबाबदारी तुमची, कारण भिडूकडे त्या रंगाची गर्दी असते आणि त्याचं तोंड बांधलेलं असतं. उलट, तुमच्याकडेच त्यांच्या रंगाची चार पानं असतील तर थांबा. त्या रंगातले राणी-गुलाम बचावात एखादा हात देतील, तुमच्या बोलीत मात्र त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. नऊ पॉइंट तेच, पण बदाम एकाऐवजी चार असते तर माझा पास अगदी योग्य होता. नवशिक्यांना पॉइंटांचा तक्ता पाठ करायला लावतात आणि हे सांगत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. मुलं वर्षानुवर्षं घाबरत खेळतात.

समोरून दहा मिनिटांची खूण झाली आहे, तर तिसरी पातळी भराभर. झाँ-रने व्हेर्न या फ्रेंच माणसाने १९६० च्या दशकात मांडलेला नियम असा, की दोन्ही बाजूंच्या हुकमाच्या पानांची बेरीज सरासरीने दोन्ही बाजूंना होणाऱ्या हातांच्या बेरजेइतकी येते. माझ्या गोष्टीत आठ बदाम, आठ इस्पिक, बेरीज सोळा. हातही आठ आणि आठ. म्हणून त्यांना 'दोन बदाम'वर सुखाने राहू द्यायचं नाही. पण 'दोन इस्पिक'वर ते 'तीन बदाम' म्हणाले तर मी 'तीन इस्पिक' म्हणणार नाही, कारण तिथे त्यांचाही एक हात कमी पडतो आणि माझाही. दोघांची मिळून नऊ इस्पिक असती तर म्हटलं असतं.

व्हल्नरेबिलिटी: नॉन-व्हल्नरेबल असताना त्यांनी डबल देऊन दंड वाढवला आणि दोन डाऊन, म्हणजे दोन हात कमी पडले, तर दंड तीनशे, त्यांच्या ४२० च्या गेमपुढे ते स्वस्त. व्हल्नरेबल असताना तेच पाचशे. आणि पेअर्समध्ये व्हल्नरेबल, डबलवर एक डाऊन, दोनशे. त्यांच्या एकशे दहा किंवा एकशे चाळीसपुढे तो बोर्ड, म्हणजे तो डाव, गेलाच समजा. रंगाचा दर्जाही पाहा, कारण तुम्ही बोललेल्या रंगाचं पान भिडू पहिल्यांदा टाकणार आहे. पाच बारीक पानांवर त्याला फसवू नका. शेवटच्या जागेवर, 'एक बदाम, पास, पास' नंतर, एका राजाइतके पॉइंट कमी असले तरी बोला. तो राजा भिडूकडे आहे असं धरायचं.

प्रश्न चहाच्या वेळी घेतो. टेबलं मांडून ठेवली आहेत. पहिला बोर्ड, पहिली बोली उत्तरेची, कोणी व्हल्नरेबल नाही.