हेबिअस कॉर्पस: कोर्ट ‘देह’ का मागतं?

नमस्कार मंडळी. ‘मुलगी बेपत्ता, वडिलांची हायकोर्टात हेबिअस कॉर्पस याचिका’ अशी बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. आज या दोन शब्दांविषयी बोलूया.

शब्द लॅटिन, पण त्यांना वजन आलं ते इंग्लंडच्या कोर्टांत. कॉर्पस म्हणजे शरीर. हेबिअस म्हणजे ‘तू घेऊन हजर असावंस’. यातला ‘तू’ म्हणजे ज्याने माणूस अडकवून ठेवलाय तो, बहुतेक वेळा जेलर. आपल्या मराठी संविधानात यासाठी ‘देहोपस्थिती’ असा शब्द आहे. मला तो फार आवडतो, कारण त्यात देह शाबूत राहिलाय.

हेबिअस कॉर्पस म्हणजे ‘या माणसाला आमच्यासमोर आणा’ असा कोर्टाचा हुकूम. सुरुवातीला त्याचा सुटकेशी काही संबंध नव्हता. खटला चालवायला कोर्टाला माणूस समोर हवा असायचा, एवढंच. पुढे वकिलांनी तेच हत्यार उलटं फिरवलं. माणूस आणताय ना, मग त्याला कोंडलं कशासाठी तेही सांगा! 1627 मध्ये पहिल्या चार्ल्स राजाला सक्तीचं कर्ज द्यायला नकार देणाऱ्या पाच सरदारांनी हाच प्रश्न विचारला. उत्तर आलं, ‘राजाचा खास हुकूम’. कोर्टाने ते चालवून घेतलं.

म्हणून इंग्लंडचा 1679 चा हेबिअस कॉर्पस कायदा मला महत्त्वाचा वाटतो. त्यात मोठमोठी तत्त्वं नाहीत, मैल आणि दिवस आहेत. कैदी 20 मैलांच्या आत असेल तर 3 दिवसांत आणा, 100 मैलांपर्यंत 10 दिवसांत, त्याहून लांब असेल तर 20 दिवसांत. आणण्याचा खर्च मैलाला फार तर 12 पेन्स. जेलरने टाळाटाळ केली तर पहिल्या वेळी 100 पौंड दंड, दुसऱ्या वेळी 200 आणि नोकरीही गेली. खरंच एखादं शरीर रस्त्याने आणायचंय, हे धरूनच लिहिलेला कायदा आहे हा.

या हुकुमाची ताकद दिसली 1771 मध्ये. लंडनजवळ थेम्स नदीत एक जहाज उभं होतं. त्यावर जेम्स सॉमरसेट नावाचा गुलाम बेड्या घालून ठेवलेला, जमैकाला नेऊन विकायला. हेबिअस कॉर्पस निघाला, तो थेट जहाजाच्या कप्तानाच्या नावावर! कप्तानाला सॉमरसेटला कोर्टात आणावंच लागलं, आणि 1772 मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने त्याला मोकळं केलं.

आता आपल्या पुण्यात या. पेशवाई बुडून दहा वर्षं झालेली. 1828 मध्ये मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाला पुण्यात घरच्याच वडीलधाऱ्याने अडकवून ठेवलंय, अशी तक्रार इंग्रजांच्या काळातल्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टाने हुकूम काढला. गव्हर्नर जॉन माल्कम म्हणाले, मुंबईबाहेर तुमचा हुकूम चालणार नाही. न्यायाधीश जॉन पीटर ग्रँट इतके संतापले की 1829 मध्ये त्यांनी कोर्टालाच कुलूप लावलं! शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या अपिली कोर्टाने, सरकारची बाजू घेतली. हुकूम होता, पण तो पुण्यापर्यंत पोचलाच नाही.

आज आपल्या संविधानाच्या कलम 32 खाली सुप्रीम कोर्टात आणि 226 खाली हायकोर्टात ही याचिका करता येते. पण आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 ला, सुप्रीम कोर्टाने नऊ हायकोर्टांचं मत बाजूला सारलं. स्थानबद्धाला ही दाद मागताच येणार नाही, असं चार न्यायमूर्ती म्हणाले. एकटे हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. नऊ महिन्यांनी त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही जीविताच्या हक्कासाठी कोर्टाचं दार बंद करता येत नाही. आणि 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जुना निकाल चूक ठरवला.

एक गोष्ट मात्र आवर्जून लक्षात ठेवा. ही याचिका कोंडलेल्यानेच करायला हवी असं नाही. आई करू शकते, नवरा करू शकतो, मित्र करू शकतो. तिहार तुरुंगातल्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना साधं पत्र लिहिलं होतं. ना वकील, ना स्टॅम्प पेपर. कोर्टाने ते पत्रच हेबिअस कॉर्पसची याचिका म्हणून दाखल करून घेतलं.